न्यूट्रल रंग: कुणाच्या त्वचेसाठी?

आजचा विषय तसा छोटा आहे. रोज वापरता येईल अशी मॅट, न्यूट्रल आयशॅडो पॅलेट कशी निवडायची आणि ती डोळ्यांवर कशी लावायची, एवढंच बोलायचं आहे. मी नवरीचे मेकअप करते. खुर्चीत बसल्या बसल्या कितीतरी मुली मला सांगतात, "ताई, माझ्या रंगाला आयशॅडो शोभत नाही." हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, कधी दुकानात, कधी घरातच. माझं म्हणणं असं की, दोष त्वचेचा नसतो. पॅलेट दुसऱ्याच त्वचेसाठी बनवलेली असते.

न्यूट्रल म्हणजे काय? जो रंग स्वतःकडे लक्ष वेधत नाही, त्वचेवर पडलेल्या सावलीसारखा दिसतो, तो. पण सावली कुणाच्या त्वचेवरची? गोऱ्या त्वचेवर ती बिस्किटाच्या रंगाची दिसते. गव्हाळ त्वचेवर गुळाच्या रंगाची, आणि सावळ्या त्वचेवर चिंचेच्या किंवा कोऱ्या कॉफीच्या रंगाची. बाजारातल्या बऱ्याच न्यूट्रल पॅलेट बिस्किटापासून सुरू होतात आणि गुळापाशी संपतात. मग सावळ्या मुलीला त्यातलं काही दिसत नाही, किंवा दिसतं ते राखेसारखं.

ही राख येते कुठून? आयशॅडोमधले तपकिरी रंग मुख्यतः लाल, पिवळ्या आणि काळ्या आयर्न ऑक्साइडच्या मिश्रणातून तयार होतात. ते फिके करायला सहसा टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. हे अगदी पांढरं आणि अपारदर्शक रंगद्रव्य आहे. गडद त्वचेवर त्याचा पातळ थर बसला की खालचा रंग पांढुरका, करडा दिसू लागतो. शिमरमध्ये चमक असल्यामुळे हे थोडं लपतं. मॅटमध्ये लपायला जागा नसते.

म्हणून डब्यात रंग कसा दिसतो, यावरून ठरवू नका. हाताचा जो भाग तुमच्या पापणीच्या रंगाशी जुळतो, तिथे लावून बघा. दुकानातला टेस्टर थेट डोळ्याला मात्र लावू नका, कारण त्याला अनेकांची बोटं लागलेली असतात. एकदा बोट फिरवा, मग हलकेच चोळा. रंग ठिपक्याठिपक्यांनी उडाला तर तो डोळ्यावरही तसाच उडेल. नंतर दाराबाहेर येऊन उजेडात बघा. दुकानातले दिवे रंगाबद्दल खरं सांगत नाहीत.

तुम्हाला लागतात चारच रंग. पहिला तुमच्या पापणीच्याच रंगाचा. दुसरा त्याहून एक-दोन छटा गडद. तिसरा आणखी गडद. चौथा जवळजवळ काळा वाटणारा तपकिरी. बारा रंगांच्या पॅलेटमध्ये तुमच्या कामाचे तीनच असतील, तर तुम्ही बाराची किंमत देऊन तीन रंग घेताय. त्यापेक्षा चार सुटे रंग घेतलेले बरे.

आपल्याकडे अनेकींच्या पापण्या चेहऱ्यापेक्षा गडद असतात, थोड्या निळसर-करड्याही. तिथे करडा तपकिरी लावला की डोळे दमलेले दिसतात. पिवळसर किंवा किंचित नारिंगी झाक असलेला तपकिरी घ्या. फारच निळसर वाटत असेल तर आधी नारिंगी करेक्टर अगदी पातळ लावा.

आता लावायची पद्धत. पापणी कोरडी हवी. मुंबई, चेन्नई, कोलकात्याच्या दमट हवेत आधी आयप्रायमर लावा आणि त्यावर पहिल्या रंगाचा हलका हात फिरवा. ओलसर पापणीवर गडद रंग थेट लावला की तो जिथे टेकतो तिथेच चिकटतो, मग पसरत नाही. दिल्ली, भोपाळच्या कोरड्या थंडीत आधी थोडं मॉइश्चरायझर लावून ते जिरू द्या.

दुसरा रंग मऊ, फुगीर ब्रशवर घ्या, ब्रश झटका आणि आरशात समोर बघत, डोळा उघडा ठेवून, पापणीच्या घडीच्या किंचित वर लावा. डोळा मिटून लावलेला रंग डोळा उघडल्यावर घडीत गडप होतो. ब्रश शेपटाकडे धरा म्हणजे दाब कमी पडतो. तिसरा रंग फक्त बाहेरच्या कोपऱ्यात. चौथा बारीक, ओलसर ब्रशने पापणीच्या केसांच्या मुळाशी. ऑफिसला जाताना काजळाऐवजी एवढी रेघही पुरते. रंग थोडा थोडा वाढवत न्या. वाढवणं सोपं असतं, पुसणं अवघड.

शेवटी, डोळ्यांच्या काळजीचं. पाकिटावर उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत बघा. माल परदेशी असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक शोधा. उघड्या डबीच्या चित्रात ‘१२एम’ असेल तर उघडल्यापासून बारा महिने वापरायचं. ओला ब्रश थेट डब्यात बुडवू नका, थोडी पावडर बाजूला काढून घ्या. डोळे आले असतील तर आयशॅडो बंद. ब्रश धुवा, आणि बहिणीबहिणींतही पॅलेट वाटून घेऊ नका.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "हा रंग तुम्हाला उठून दिसणार नाही," तर शांतपणे विचारा, "मग माझ्या रंगाला दिसेल असा दाखवा ना." तसा रंग असतो. बऱ्याचदा तो फक्त पुढच्या फळीवर मांडलेला नसतो.