परदेशात शिकलेली कवायत

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावर यावे, म्हणजे धावणारी मुले दिसतात. अमळनेर, पारोळा, शिरपूर, साक्री, सगळीकडे दृश्य एकच. सोळाशे मीटरचे अंतर किती मिनिटांत कापले याचा हिशेब एकमेकांना सांगत ही मुले उजाडेपर्यंत धावतात आणि मग शेताच्या किंवा रोजंदारीच्या कामाला लागतात. कोणी पोलीसभरतीची तयारी करीत असतो, कोणी सैन्यभरतीची. त्यांच्या देशभक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण कोरडवाहू कापसाच्या उत्पन्नावर घर चालत असते, तर यांतील किती जण पहाटे उठले असते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला टाळता येणार नाही. शिपाईगिरीची तयारी कोणाच्या खर्चाने होते, कोणाच्या युद्धासाठी होते, आणि ती झाल्यावर त्या माणसाचे पुढे काय होते, हे तीन प्रश्न जुने आहेत. यांची उत्तरे शोधण्यासाठी काही मराठी तरुण एके काळी समुद्र ओलांडून गेले होते.

खानदेशाने या प्रश्नांची पहिली फेरी घरीच पाहिली. १८२५ साली जेम्स औट्रम याने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली. डोंगरातल्या भिल्लांना कंपनी सरकारने गणवेश दिला, पगार दिला, कवायत शिकविली, आणि काम दिले ते मुख्यतः त्यांच्याच भाऊबंदांना वठणीवर आणण्याचे. शिक्षण फुकट होते, कारण युद्ध मालकाचे होते. पण शिकविलेली विद्या मालकाच्या मुठीत कायम राहतेच असे नाही. कंपनीच्या नोकरीत राहून सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक १८५७ साली कंपनीवरच उलटला, त्याने सरकारी खजिना लुटला, आणि १८५८ साली अंबापाणीच्या लढाईत भिल्लांनी इंग्रजी फौजेला तोंड दिले. लढाई ते हरले.

त्या धड्यातून इंग्रजांनी आपल्यापेक्षा अधिक शहाणपण घेतले. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसाच्या हातातून हत्यार काढून घेतले. सैन्यात शिपाई हवे होते, पण हुकूम देण्याची विद्या काळ्या माणसाला शिकवावयाची नव्हती. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा निघाल्या त्या १९१८ मध्ये, तीही महायुद्धात लक्षावधी हिंदी शिपाई वापरून झाल्यावर. डेहराडूनची अकादमी १९३२ ची. तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ज्याला युद्धशास्त्र शिकावयाचे होते, आणि तेही इंग्रजांच्या चाकरीसाठी शिकावयाचे नव्हते, त्याला देश सोडण्यावाचून मार्ग नव्हता.

वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे असे गेले. टिळकांच्या विचारांनी भारलेला हा तरुण प्रथम जपानला पोहोचला आणि तेथून अमेरिकेला. कॅलिफोर्नियात सॅन राफेल गावी माउंट तामालपैस नावाची खाजगी लष्करी शाळा होती. तिची पदविका त्यांनी १९१० साली मिळविली. पाठीशी संस्थान नव्हते, शिष्यवृत्ती नव्हती. मिळेल ती अंगमेहनतीची कामे करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे बदललेले दिसते: सरकारने शिकविलेला भिल्ल शिपाई सरकारचा होता, स्वतःच्या घामावर शिकलेला खानखोजे कोणाचा बांधील नव्हता. या स्वातंत्र्याची किंमत मात्र जबर असते, आणि ती देऊ शकणारे हजारांत एखादे निघतात, हेही विसरू नये.

या शाळेपेक्षा मोठी शाळा त्यांना ऑरेगनच्या लाकूडगिरण्यांत सापडली. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या त्या गिरण्यांत पंजाबी मजूर काम करीत होते. १९०७ साली बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने हिंदी मजुरांना मारहाण करून हाकलून दिले होते. या मजुरांत कित्येक जण इंग्रजी सैन्यातून निवृत्त झालेले शिपाई होते. साम्राज्यासाठी त्यांनी देशोदेशी बंदुका चालविल्या होत्या. साम्राज्याची प्रजा म्हणून परक्या मुलखात मार खाण्याची वेळ आली तेव्हा साम्राज्य त्यांच्या मदतीला आले नाही. जी विद्या मिळविण्यासाठी खानखोजे अर्धे जग ओलांडून आले, ती या शेतकऱ्यांच्या मुलांना इंग्रजांनी केव्हाच शिकविली होती. त्यांच्यापाशी कवायत होती, पण आपले युद्ध कोणते हे ठरवावयाचे राहिले होते. खानखोज्यांपाशी युद्धाचे प्रयोजन होते आणि फौज नव्हती. पंडित काशीराम यांच्यासारख्यांच्या साहाय्याने पोर्टलंडच्या परिसरात हे दोन प्रवाह एकत्र आले. त्यातूनच पुढे, १९१३ साली, गदर पक्ष उभा राहिला. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ पत्राचा पहिला अंक निघाला. आपल्याकडे गदरची गोष्ट विद्वानांची आणि वक्त्यांची म्हणून सांगितली जाते. वर्गणी गिरणीमजुरांच्या पगारातून येत होती, ही बाब सांगायची राहून जाते.

याच चळवळीत पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे होते. तेही शिकण्यासाठी अमेरिकेला गेलेले. महायुद्ध पेटल्यावर १९१४ च्या अखेरीस ते कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत परतले. छावण्यांतील हिंदी शिपायांना उठवावयाचे आणि २१ फेब्रुवारी १९१५ रोजी बंड करावयाचे, असा बेत होता. फितुरीने तो फुटला. पिंगळे थांबले नाहीत. मार्चमध्ये मीरतच्या घोडदळाच्या छावणीत बाँबसह पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात सराभा व इतर पाच जणांबरोबर फाशी गेले. वय अठ्ठावीसच्या आत होते.

बंड का फसले, याचे उत्तर केवळ एका फितुरावर ढकलणे सोपे आहे. छावणीतला शिपाई पगारी होता, त्याचे घर त्या पगारावर होते, आणि बंडानंतर त्या घराने काय खायचे याचा विचार कोणी त्याच्यापुढे मांडला नव्हता. खेड्यांत संघटना नव्हती. हे उणे शौर्याने भरून निघणारे नव्हते.

खानखोजे स्वतः युद्धकाळात इराणात इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या टोळ्यांबरोबर राहिले. पुढे बर्लिनहून १९२१ साली मॉस्कोला गेलेल्या हिंदी क्रांतिकारकांत ते होते. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले. तो देश नुकताच शेतकऱ्यांच्या क्रांतीतून बाहेर पडला होता. अमेरिकेत त्यांनी कवायतीबरोबर शेतीशास्त्रही शिकले होते. तेच आता कामाला आले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले, मका व गव्हाच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, आणि लहान शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. स्वतंत्र भारतात परतताना मात्र इंग्रजांच्या काळ्या यादीतले जुने नाव आड आले. अखेर ते नागपूरला स्थायिक झाले आणि १९६७ साली वारले.

सेनापती बापटांचे जीवन याला समांतर आहे. पारनेरचा हा तरुण १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेला, राजद्रोही ठरलेल्या भाषणामुळे ती गमावून बसला, आणि पॅरिसला रशियन क्रांतिकारकांची बाँबविद्या मिळवून परतला. पण महाराष्ट्र ‘सेनापती’ म्हणून ज्या लढ्यामुळे ओळखतो तो १९२१ ते १९२४ चा मुळशीचा: टाटांच्या धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांचा. बंदुकीची विद्या घेण्यासाठी निघालेली ही दोन मराठी माणसे शेवटी शेतकऱ्याच्या बांधावर येऊन पोहोचली. याला योगायोग म्हणून सोडून द्यावे असे वाटत नाही.

आणि खानदेश? १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. साताऱ्याचे जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आणि खानदेशचे डॉ. उत्तमराव पाटील व त्यांचे सहकारी यांनी सुमारे साडेपाच लाख रुपये हस्तगत केले. यांच्यातले कोणी सॅन राफेलला गेले नव्हते. पण सातारच्या प्रतिसरकारामागे गावे उभी होती आणि खानदेशात साने गुरुजींच्या पिढीने खेडोपाडी पाय झिजविले होते. लपायला घर आणि खायला भाकर मिळत होती, ती त्यामुळे.

आता आजच्या धावणाऱ्या मुलाकडे यावे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. नोकरी चार वर्षांची, त्यातच प्रशिक्षण. चौघांतील एकालाच पुढे कायम होण्याची संधी. उरलेल्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी, आणि निवृत्तिवेतन नाही. सैन्य तरुण राहावे हा सरकारचा युक्तिवाद आहे. तो ऐकून घ्यावा. पण निवृत्तिवेतनाचा वाचणारा खर्च हिशेबातून वगळू नये. तो बोजा आता शिपायाच्या घरावर पडणार आहे. नेपाळातील गुरखे पिढ्यान्‌पिढ्या परदेशी सैन्यासाठी तयारी करीत आले, आणि त्या गरीब देशाच्या सरकारने १९४७ च्या त्रिपक्षीय कराराकडे बोट दाखवून २०२२ मध्ये या अटींवर आपली मुले पाठविणे थांबविले. आपल्याकडे तालुक्यातल्या एखाद्या खाजगी अकादमीचे शुल्क भरण्यासाठी कर्ज काढले जाते आणि त्याविषयी विधिमंडळात कोणी ब्रही काढत नाही.

या निराशेतच दलालाचा बाजार उभा राहतो. मदतनीसाची नोकरी आहे असे सांगून भारतीय तरुणांना रशियात नेले गेले आणि युक्रेनच्या आघाडीवर उभे केले गेले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने अशी १२६ प्रकरणे सांगितली. त्यांत १२ जण मृत आणि १६ जण बेपत्ता होते. खानखोज्यांनी युद्ध स्वतः निवडले होते. या मुलांना आपण कोणत्या युद्धात उतरतो आहोत हेही ठाऊक नव्हते.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२३ च्या आरंभी प्रशिक्षणाला लागल्या. त्यांची चार वर्षे २०२६-२७ च्या सुमारास भरतात. चौघांतले तीन जण पंचविशीच्या आतबाहेरच्या वयात, हत्यार चालविता येणारे आणि नोकरी नसलेले, गावी परततील. जळगाव व धुळे जिल्ह्यांत कोणत्या गावी किती, याची यादी पक्षाच्या तालुका शाखांनी आजच करावयास घ्यावी. भरतीच्या अकादम्यांचे शुल्क आणि परदेशी नोकरीचे दलाल यांचीही नोंद त्याच वहीत व्हावी. जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि आमदारांकडे जाताना ती वही हातात असली पाहिजे.