मागचे चाक जड का फिरते?



आमच्या गावच्या एका दूधवाल्या दादांची गोष्ट सांगतो. त्यांच्या मोटारसायकलची साखळी सैल झाली होती. खडखड वाजायची. दादांनी घरीच पाना घेतला, चाक मागे ओढले आणि साखळी ताणून घेतली. आवाज थांबला. दादा खूष!

दुसऱ्या दिवशी गाडी ओढेना. डेअरीवर पोचेपर्यंत मागच्या चाकातून जळका वास येऊ लागला. दादा म्हणाले, "इंजिन गेलं वाटतं!"

इंजिन ठणठणीत होते. अडले होते चाक. ते मागे सरकले, पण ब्रेकची सळई होती तेवढीच राहिली. ती ताणली गेली. पाय न लावताच ब्रेक लागून राहिला!

याच गाडीवर दादांची मुलगी शाळेत जाते. भर रस्त्यात चाक जाम झाले असते तर? म्हणून चाक जड वाटले की गाडी तशीच दामटू नका. आधी पाहा.

इंजिन बंद करा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. चाक हाताने फिरवा. ते सायकलच्या चाकासारखे भिरभिरणार नाही, कारण त्याला साखळी ओढावी लागते. पण फिरवायला जोर लागला, तर दोष आहे. तो एकेक करून शोधायचा.

पहिला ब्रेक. सळईच्या टोकाचा नट थोडा सैल करा. चाक मोकळे झाले? मग दोष तिथेच. ब्रेक दाबून सोडल्यावर परत येत नसेल, तर मिस्त्रीला दाखवा. मागे डिस्क ब्रेक असेल, तर असा नट नसतो. ते काम मिस्त्रीचेच. डिस्कला तेल मात्र लावू नका.

दुसरी साखळी. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वरखाली करून पाहा. पुष्कळ गाड्यांत ती दोन-तीन सेंटीमीटर हलावी लागते. माणूस बसला की साखळी आणखी ताणते, म्हणून ही ढील हवीच. चाक थोडे थोडे फिरवून चार ठिकाणी पाहा. साखळी ताणली, की ब्रेकही पुन्हा तपासा. दादा नेमके हेच विसरले.

तिसरे बेअरिंग. चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट लागली, किंवा फिरवताना घरघर आली, तर बेअरिंग झिजले असेल. पंक्चर काढल्यावर चाक जड झाले असेल, तर आतला बुश बसवायचा राहिला का, ते विचारा.

आता जपायचे काय? तापलेल्या चाकाच्या मधल्या भागाला हात लावू नका. इंजिन चालू ठेवून साखळी पुसू नका, बोटे जातील. आणि ब्रेक फार सैल करू नका. चाक मोकळे फिरले पाहिजे, तसे वेळेवर थांबलेही पाहिजे.

गाडीबरोबर एक लहान पुस्तक मिळते. आजवर ते पेटीत पडून होते ना? आता काढा. साखळीची ढील किती, तो आकडा त्यात शोधा. 'मि.मी.' म्हणजे मिलिमीटर. 10 मिलिमीटरचा 1 सेंटीमीटर. तुम्हाला आता वाचता येते. मग दुसऱ्याला कशाला विचारायचे?