चाकातला भुंगा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आज आपल्याशी बोलायचे आहे ते एका आवाजाविषयी. गाडी चालवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला तो कधी ना कधी येतो. गाडीने चाळीस-पन्नासचा वेग घेतला की कुठून तरी ‘घूंऽऽ’ अशी गुणगुण सुरू होते. वेग वाढला की ती चढते, वेग कमी झाला की उतरते आणि गाडी थांबली की पूर्ण बंद. मिस्त्रीकडे नेऊन उभी करावी, तर गाडी शहाण्या मुलासारखी गप्प. खरी अडचण इथेच आहे. आवाज धावत्या गाडीचा आणि तपासणी उभ्या गाडीची! म्हणून या दुखण्याचे निम्मे निदान चालवणाऱ्यालाच करावे लागते.

हे मी थोडे पैसे घालवून शिकलो. २०१६ सालची दिवाळी. सात वर्षांची आमची लहान गाडी घेऊन आम्ही साताऱ्याहून पुण्याला निघालो होतो. मागच्या सीटवर सांगलीहून आलेली माझी आत्या होती. काचा खाली होत्या. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो आणि आत्या म्हणाली, “अरे, गाडीत भुंगा शिरलाय की काय?”

मी म्हणालो, “टायरचा आवाज आहे गं. रस्ताच तसा आहे.”

“रस्ता मागे गेला तरी भुंगा येतोच आहे बरोबर,” ती म्हणाली.

गंमत अशी, की मी रोज ती गाडी चालवत होतो आणि मला काही ऐकू आले नव्हते. हा आवाज एका दिवसात येत नाही. तो दर आठवड्याला तसूतसूने वाढतो आणि आपला कान त्याच्याबरोबर सरावत जातो. आपण फक्त गाणी थोडी मोठी लावतो. आत्या वर्षाने गाडीत बसली होती, म्हणून तिला पहिल्या अर्ध्या तासात कळले.

मग मी टायरच्या दुकानात गेलो. त्यांनी पुढचे दोन टायर बदलायला सांगितले. बदलले. आवाज तसाच! शेवटी साताऱ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. आधी विचारले, “साहेब, डावीकडे वळताना वाढतो का उजवीकडे? गियर बदलला की बदलतो का? डांबरी रस्त्यावर आणि सिमेंटच्या रस्त्यावर सारखाच येतो का?” मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. ते हसून म्हणाले, “मग आधी चक्कर मारून येऊ.” दहा मिनिटांच्या त्या चकरेत त्यांनी दोष शोधला. उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग.

आता हे बेअरिंग म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. पूर्वी बैलगाडीला वंगणाचा नळा टांगलेला असे. लाकडी चाक लोखंडी आसावर घासत फिरे आणि वंगण संपले की करकरू लागे. घासण्याऐवजी चाकाला घरंगळता आले तर? या विचारातून बेअरिंग जन्माला आले. १७९४ साली वेल्समधल्या कारमार्थनच्या फिलिप व्हॉन यांनी गाडीच्या आसासाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. रचना आजही मुळात तीच आहे. एक आतले कडे, एक बाहेरचे कडे, मध्ये पोलादाचे छर्रे, त्यांच्याभोवती ग्रीस आणि धूळपाणी आत येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना सील. लहान गाडीच्या चाकाचा परीघ १.८ मीटर धरला, तर लाखभर किलोमीटरमध्ये चाक साडेपाच कोटी फेरे घेते. एवढे फेरे हे छर्रे मुकाट्याने सोसतात.

पण कड्याच्या आरशासारख्या पृष्ठभागावर एक बारीकसा खळगा पडला, की प्रत्येक छर्रा त्यावरून जाताना एक ठोका देतो. साठच्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे नऊ फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात असे अनेक ठोके पडतात. ते सुटे सुटे ऐकण्याची आपल्या कानाची ताकद नाही. त्याला ऐकू येते ती सलग गुणगुण. वेगाबरोबर ती का चढते, हे यावरून लक्षात येईल.

अशीच गुणगुण टायरचीही असू शकते, गियरबॉक्सचीही असू शकते. म्हणून एकेक शक्यता बाजूला काढत जायचे. त्यासाठी मोकळा रस्ता निवडा, काचा वर घ्या, पंखा आणि गाणी बंद करा. बरोबर एक माणूस घ्या. एकाने फक्त गाडी चालवायची, दुसऱ्याने फक्त ऐकायचे.

पहिली परीक्षा गियरची. साठच्या वेगाने जाताना वेग तोच ठेवून एक गियर खाली घ्या. इंजिनचे फेरे वाढतील. गुणगुणीची पट्टी तशीच राहिली, तर तिचा इंजिनशी संबंध नाही. ॲक्सिलरेटर दाबताना आवाज एक आणि सोडताना दुसरा येत असेल, तर संशय गियरबॉक्सकडे जातो. काही जण ही परीक्षा गाडी न्यूट्रल करून घेतात. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ते चालेल, घाटात उतारावर मात्र कधीही करू नका.

दुसरी परीक्षा रस्त्याची. खरखरीत डांबरी रस्ता, गुळगुळीत डांबरी रस्ता आणि सिमेंटचा रस्ता, या तिन्हींवरून तेवढ्याच वेगाने जा. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे रंग बदलतो. बेअरिंगचा आवाज रस्त्याची फारशी पर्वा करत नाही. माझ्या आत्याने नेमके हेच सांगितले होते, मी ऐकले नाही.

तिसरी परीक्षा वळणाची आणि तीच सर्वांत बोलकी. एसटीत उभे असताना वळणावर आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो ना? गाडीचा भारही तसाच झुकतो. डावीकडे वळताना तो उजव्या चाकांवर येतो. म्हणून डाव्या वळणावर आवाज वाढला आणि उजव्या वळणावर कमी झाला, तर संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर. उलट असेल तर डाव्या बाजूच्या. यासाठी गाडी झटके देत वळवण्याची गरज नाही, महामार्गावरचे लांबलचक वळण पुरेसे असते. मात्र ही खूण आहे, पुरावा नव्हे. काही बेअरिंगे उलटही वागतात, शिवाय आवाज गाडीच्या पत्र्यातून फिरत येतो आणि मागच्या चाकाचा आवाज पुढून आल्यासारखा वाटतो. थरथर स्टिअरिंगला जाणवते की सीटखाली, हेही पाहावे. स्टिअरिंगला असेल तर बहुधा पुढचे चाक, सीटला असेल तर मागचे.

यानंतर गाडी थांबवून टायरवरून तळहात फिरवा. आधी एका दिशेने, मग उलट दिशेने. एकीकडे गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीच्या दातांसारखे लागत असेल, तर टायर वेडावाकडा झिजला आहे. मध्येच खोलगट झाला असेल, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासायला हवा. अजून खात्री नसेल, तर एकाच बाजूचे पुढचे आणि मागचे टायर आपसात बदला. आवाज टायरबरोबर मागे गेला, तर दोष टायरचा. माझ्या बाबतीत हा अर्ध्या तासाचा उपाय आधी केला असता, तर दोन टायरचे पैसे वाचले असते.

आवाजासाठी मराठीत शब्दांची मुळीच वाण नाही आणि मिस्त्रीला त्यांचा फार उपयोग होतो. ‘घूं’ किंवा ‘घरघर’ म्हणजे टायर किंवा बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना ‘कट-कट-कट’ वाजले, तर पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या दांड्याचा सांधा. ब्रेक लावल्यावर ‘करकर’ झाली, तर ब्रेकचे पॅड. खड्ड्यात ‘खडखड’ झाली, तर सस्पेन्शन. “काहीतरी आवाज येतोय” एवढेच सांगण्यापेक्षा आवाजाची नक्कल करून दाखवा. लाजू नका, मिस्त्रींना त्याची सवय असते.

आता जॅकवरची तपासणी. ती शक्यतो गॅरेजमध्येच करावी. सपाट जमीन, इतर चाकांना दोन्ही बाजूंनी अडण आणि गाडी पक्क्या स्टँडवर टेकवलेली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंग घालू नका. उचललेले चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचे. चाक डगडगले, तर दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा. डगडग थांबली, तर ती बेअरिंगची. तीन आणि नऊच्या जागी धरल्यावरच हलत असेल, तर स्टिअरिंगचे सांधे पाहावे लागतात. मग एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवायचे. बेअरिंग खराब असेल, तर रेती दळल्यासारखी बारीक थरथर स्प्रिंगमधून हाताला कळते. एक लक्षात ठेवा, चाक डगडगत नाही म्हणून बेअरिंग निर्दोष ठरत नाही. आधी आवाज येतो, डगडग बऱ्याच उशिरा येते.

बेअरिंग बिघडते कशाने? आपल्याकडे मुख्य कारणे दोन, खड्डे आणि पाणी. खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेवर चाक जोरात आदळले, की छर्ऱ्याचा ठसा कड्यावर उमटतो. पावसात तुंबलेल्या पाण्यातून गाडी जाते, तेव्हा तापलेले बेअरिंग एकदम थंड होते, आतली हवा आकुंचन पावते आणि थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. तिसरे कारण भार. छर्ऱ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला, तर त्याचे आयुष्य हिशेबाने निम्मे होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. पाचजणांच्या गाडीत आठजण आणि वर तांदळाचे पोते घेताना हे आठवावे. शोभेसाठी बाहेर काढलेली रुंद चाकेही बेअरिंगवर असाच जादा ताण आणतात.

बदलताना दोन गोष्टींचा आग्रह धरा. पुष्कळ गाड्यांत बेअरिंग प्रेसवर दाबून बसवावे लागते. हातोड्याने ठोकले, तर नव्या बेअरिंगमध्ये पहिल्याच दिवशी खळगे पडतात आणि काही महिन्यांत भुंगा परत येतो. दुसरे, मधला मोठा नट कंपनीने सांगितलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने आवळायचा. २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस ब्रेक सक्तीचे आहेत. अशा पुष्कळ गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलवर चुंबकीय कडे असते. बेअरिंग उलटे बसले, तर चाकाचा वेग कळत नाही आणि एबीएसचा दिवा लागतो. सुटे भाग पावती देणाऱ्या खात्रीच्या दुकानातून घ्या, कारण नकली बेअरिंगांचा सुळसुळाट आहे. आणि जुने बेअरिंग मागून घ्या.

मिस्त्रींनी माझे जुने बेअरिंग तळहातावर ठेवले आणि म्हणाले, “फिरवा.” ते खरखरत, अडखळत फिरले. आतले ग्रीस गंजाच्या पाण्याने तांबडे झाले होते. “अजून किती चालले असते?” मी विचारले. ते म्हणाले, “ते मी कसं सांगू? महिनाभर चाललं असतं, नाहीतर उद्याच चाक धरलं असतं.” बेअरिंग तापत जाते, ग्रीस जळते, चाक डगडगू लागते आणि वेळ फारच वाईट असली तर चाक जाम होते किंवा निखळते. पावसाळाभर मी त्याच गाडीतून मुलांना शाळेत सोडत होतो. टायरवर गेलेल्या पैशांचे मला फारसे वाटले नाही, याचे मात्र अजून वाटते.

म्हणून शेवटी एवढेच सांगतो. कधीतरी पाहुण्याला गाडीत बसवून विचारा, “काही ऐकू येतं का?” आपला कान सरावलेला असतो, त्याचा नसतो. आणि महिन्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर पाच मिनिटे नुसती गाडी ऐका. आकाशवाणीवर बसून हे सांगणे जरा धाडसाचे आहे, पण तेवढी पाच मिनिटे गाडीतला रेडिओ बंद ठेवा.