शाळेचं कपाट आणि आपली पोरं



१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा विद्यार्थी गुरुजींनी आधी ओळखला, मग पुस्तक दिलं. आता बऱ्याच शाळांत उलटं. गठ्ठा येतो, कपाटाला कुलूप लागतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला ग्रंथालय सांगितलंय, त्यात गोष्टींची पुस्तकंही. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. मग नवी मुंबईतल्या नाका कामगारानं, घरकाम करणाऱ्या भगिनीनं तिथं पुस्तकांची यादी मागायला काय हरकत? नुसती थोरांची चरित्रं नकोत. फास्टर फेणेही पाहिजे, पोरं हसली पाहिजेत! आठवीच्या मुलामुलींना नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ द्या. घेण्याआधी दोन पानं पोरांकडूनच वाचून घ्या. ती कंटाळली, तर पुस्तक परत.