गाठ गेली का? फोटो काय सांगतो
(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्यावर बोला म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, काका आता सकाळचं फिरणं आणि कोमट पाणी यावर बोलणार. मी बोलणार आहे गुदाशयाच्या कॅन्सरवर. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा वीतभर भाग. चार वर्षांपूर्वी मला तिथे गाठ निघाली. मी डॉक्टर नाही, माझं आयुष्य बँकेत गेलं. पण या जागेच्या आजाराचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो.

गाठ थोडी वाढलेली असेल तर आधी रेडिएशन आणि किमो, मग ऑपरेशन, अशी रीत आहे. गाठ अगदी खाली असेल तर गुदद्वारही काढावं लागतं आणि पोटावर कायमची पिशवी येते. पिशवी लावूनही माणसं उत्तम जगतात, हे आधीच सांगतो. पण काढलेला भाग तपासल्यावर काही रुग्णांत कॅन्सरची एकही पेशी सापडत नसे. मग ब्राझीलच्या सर्जन डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी विचारलं, अशांचं ऑपरेशन करायचंच कशाला? २००४ साली त्यांनी २६५ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या ७१ जणांची गाठ उपचारांनी दिसेनाशी झाली होती. त्यांना ऑपरेशन न करता नजरेखाली ठेवलं होतं.

आता खरी अडचण. पोट न उघडता गाठ गेली हे ओळखायचं कसं? त्यासाठी तीन गोष्टी एकत्र बघतात: डॉक्टरांनी बोटाने केलेली तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय. दुर्बिणीतून आतड्याची आतली बाजू दिसते. भिंतीच्या आत काय आहे आणि बाहेरच्या लसिकाग्रंथींचं काय झालं, हे एमआरआय दाखवतो.

माझ्या डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. एमआरआयच्या मुख्य फोटोत जिवंत गाठ करडी दिसते. ती मेली की तिथे व्रण राहतो, तो काळा दिसतो. म्हणून करडं जाऊन काळं आलं की बरं. दुसऱ्या प्रकारच्या फोटोत पेशींमधलं पाणी किती मोकळं फिरतं ते बघतात. दाट पेशींच्या गाठीत पाणी अडतं आणि ती जागा पांढरी चमकते. पण आतड्यात वायू असला तरी हा फोटो फसवू शकतो. आणि काळ्या व्रणात चार पेशी लपल्या असतील, तर कुठलाच फोटो त्या हमखास दाखवत नाही. रेडिएशनची सूज उतरायलाही वेळ लागतो, म्हणून उपचार संपल्यावर काही आठवडे थांबूनच हा एमआरआय करतात.

माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, गाठ खूप कमी झाली आहे, पण थोडा संशय आहे. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन महिने थांबू आणि परत बघू. ते दोन महिने घरात कुणाला नीट झोप नव्हती. पुढच्या वेळी तिन्ही तपासण्या स्वच्छ आल्या आणि ऑपरेशन टळलं.

टळलं म्हणालो, संपलं म्हणालो नाही. २०१८ साली अनेक देशांतल्या अशा ८८० रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. त्यात दोन वर्षांत साधारण चारातल्या एकाची गाठ त्याच जागी परत आली. पण त्यातल्या ९७ टक्के गाठी आतड्याच्या भिंतीतच होत्या, म्हणजे तपासणीत सापडण्याजोग्या. वेळेवर सापडली तर ऑपरेशनचा मार्ग बहुतेकांना खुला असतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं दर काही महिन्यांनी बोलावतात. ज्याला तारखा पाळणं जमणार नाही, त्याने हा मार्ग धरू नये. त्याच्यासाठी ऑपरेशनच बरं.

आम्ही बँकेत एका वर्षाचा ताळेबंद बघून कर्ज देत नव्हतो, मागच्या तीन वर्षांचे मागायचो. इथेही तसंच आहे. एकट्या फोटोला फारसा अर्थ नाही, आधीच्या फोटोशी ताडून बघितलं तरच कळतं. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. उपचारापूर्वीच्या एमआरआयची सीडी जपून ठेवा, नुसता कागद पुरत नाही. दर वेळी ती सोबत न्या. आणि डॉक्टरांना विचारा, 'आधीच्या फोटोशी ताडून पाहिलंत का?'

शेवटचं, आणि सर्वांत महत्त्वाचं. शौचातून रक्त पडलं की आपण मूळव्याध म्हणून मलम आणतो. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. लाज वाटत असेल तर संध्याकाळी बागेतल्या बाकावर मला गाठा. मला आता या विषयाची लाज उरलेली नाही.