चित्रकलेतील गुरू कोणता करावा?



चित्रे काढणाऱ्या प्रत्येक मुलाला केव्हा ना केव्हा एक प्रश्न पडतोच: शिकावे कोणाकडून? मोठ्या शहरात कलाशाळा असते, प्रदर्शने भरतात. देवास जिल्ह्यातील पीपलरावांसारख्या लहान गावी ही सोय नाही. तेथे चित्र येते ते पुस्तकातून, मासिकातून आणि आता मोबाइलच्या पडद्यावरून. म्हणून अशा मुलाने गोष्टींच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणारा एखादा चित्रकार गुरू करावा, असे मला वाटते. त्याचे चित्र मुळात छापण्यासाठीच काढलेले असते. ते पाहायला मुंबईस जावे लागत नाही. पुस्तक हाती आले की चित्रही हाती आले.

आणि हा गुरू शक्यतो आजच्या काळातील असावा. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांच्यासारख्या पूर्वसूरींची चित्रे अवश्य पाहावीत. त्यांच्या रेषेचा डौल आजही मोहवितो. परंतु त्या चित्रांतील घरे आणि पेहराव त्या काळाचे आहेत. आजच्या मुलाच्या दारात मोटारसायकल उभी असते, शेतात सोयाबीन डोलत असते, आजीच्या कानाशी मोबाइल असतो. हे सारे चित्रात सुंदर कसे दिसेल, या प्रश्नाशी आजचा चित्रकारच झगडत असतो. त्याचा झगडा पाहणे हेच शिक्षण होय.

अशी दोन उदाहरणे मी आपल्यापुढे ठेवितो.

पहिले माधुरी पुरंदरे यांचे. १९५२ साली जन्मलेल्या पुरंदरे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि पुढील अभ्यास त्यांनी फ्रान्समध्ये केला. मुलांसाठी त्या लिहितात आणि चित्रेही स्वतःच काढतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 'राधाचं घर' किंवा यशच्या गोष्टी उघडून पाहा. तेथे राजवाडे नाहीत, पऱ्या नाहीत; घरातली माणसे आणि रोजचेच प्रसंग आहेत. साध्या गोष्टीकडे लक्ष देऊन पाहिले की ती चित्राला पुरते, हा धडा त्यांच्यापासून घ्यावा. विशेष म्हणजे पुरंदरे यांनी पिकासोवर एक संपूर्ण ग्रंथ मराठीत लिहिला आहे. इतका खोल अभ्यास करूनही त्यांची बालचित्रे पिकासोसारखी झाली नाहीत, त्यांचीच राहिली.

दुसरे भज्जू श्याम यांचे. मध्य प्रदेशातील पाटनगढ या खेड्यात १९७१ साली जन्मलेल्या या परधान गोंड चित्रकाराने भोपाळला प्रथम रात्रीच्या पहारेकऱ्याची नोकरी केली. नात्यातीलच जनगढसिंह श्याम यांच्या हाताखाली ते चित्रकला शिकले. पुढे कामानिमित्त दोन महिने लंडनला राहण्याचा योग आला, आणि त्या अनुभवाचे पुस्तक २००४ साली निघाले. त्यात लंडनचे प्रसिद्ध घड्याळ कोंबड्याच्या रूपात आले आहे, कारण गावात वेळ सांगतो तो कोंबडा. भुयारातून धावणारी आगगाडी गांडूळ झाली आहे, आणि नेमाने नेणारी-आणणारी बस इमानी कुत्रा! परक्या शहराकडे त्यांनी आपल्या खेड्याच्या डोळ्यांनी पाहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

गोंड चित्रकारांची एक रीत तर प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानी धरावी. आकृतीच्या आत ठिपके, रेघा, साखळ्या भरून नक्षी करावयाची. परंतु ती नक्षी प्रत्येकाची निराळी. एकाच गुरूच्या घरी शिकलेले शिष्यही आपापली नक्षी शोधतात, आणि तीच त्यांची सही ठरते.

अभ्यास कसा करावा? एका वेळी एकच चित्रकार घ्यावा आणि त्याची तीन-चार पुस्तके मिळवावीत. प्रथम मजकूर वाचून चित्र झाकून ठेवावे व त्या प्रसंगाचे आपले चित्र काढावे. मग झाकलेले चित्र उघडावे. चित्रकाराने काय घेतले, काय गाळले, माणूस पाठमोरा का दाखविला, एवढी जागा कोरी का सोडली, हे वहीत टिपावे. सरावासाठी नक्कल करण्यास हरकत नाही; मात्र खाली मूळ चित्रकाराचे नाव लिहावे, आणि ती नक्कल स्पर्धेत किंवा भित्तिपत्रकात आपली म्हणून देऊ नये.

हे आज मुद्दाम सांगावे लागते. अमुक चित्रकाराच्या धाटणीचे चित्र करून दे, असे सांगताच यंत्र ते क्षणात पुढे ठेवते. ज्याने ती धाटणी वर्षानुवर्षे घासून मिळविली, त्या जिवंत माणसाच्या पोटाचा प्रश्न त्यात आहेच. पण मुलाचेही नुकसान थोडे नाही. त्याच्या हाती चित्र येते, पाहण्याची सवय येत नाही.

निवड योग्य झाली की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. त्या चित्रकाराचे पुस्तक मिटल्यावर मुलाला पुन्हा त्याचेच चित्र काढावेसे वाटते, की बाहेर जाऊन पिंपळाखाली बसलेली माणसे, बाजारातली भाजीवाली, काळ्या मातीत रुतलेले ट्रॅक्टरचे चाक काढावेसे वाटते? दुसरे घडत असेल तर गुरू चांगला भेटला, असे समजावे.

पालकांना आणि माझ्या शिक्षकबंधूंना एवढीच विनंती की, ही निवड मुलावर सोपवावी. आपले काम त्याच्यापुढे पुस्तके ठेवण्याचे. शाळेच्या कपाटात कुलुपात असलेली चित्रांची पुस्तके बाहेर काढावीत. हाताळून ती थोडी मळली, तरी चालेल.