केडगावचे पोरके आणि दत्तकाचा प्रश्न
(महाळुंगे येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणि तरुण विधवांना घेऊन पंडिता रमाबाई पुण्याकडे आल्या. हाडांवर कातडे उरलेल्या, काही मुक्या झालेल्या, काहींना स्वतःचे गावही सांगता येत नव्हते. दुष्काळ म्हणजे काय, हे रमाबाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. १८७० च्या दशकातल्या उपासमारीत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण लागोपाठ गेले. संस्कृत मुखोद्गत असलेली ती मुलगी भाऊ श्रीनिवास याच्यासोबत पायी भारत हिंडली, मिळेल ते खाऊन जगली. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले.

पुण्यात तेव्हा प्लेग होता. शहरात एवढ्या मुली ठेवायला सरकारी अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. म्हणून रमाबाई त्यांना पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला घेऊन गेल्या. तिथे त्यांनी आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती, आणि त्या खरेदीमागचा हिशेब फार महत्त्वाचा आहे. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढच्या वर्षी पुण्यात हललेल्या त्यांच्या शारदा सदन या विधवा-मुलींच्या शाळेला अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे पैसा द्यायचे कबूल केले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. पुढे परदेशी मदतीवर अवलंबून राहावे लागू नये, फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा त्यांचा विचार होता. त्या बागेच्या जमिनीवर पहिल्यांदा तात्पुरत्या छपरांखाली माणसे राहायला आली.

यातून 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मुलींना सांभाळणार कोण? शारदा सदनात शिकलेल्या मुली आता शिक्षिका आणि मेट्रन झाल्या. काल आश्रय घेतलेल्या आज आश्रय देणाऱ्या झाल्या. विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, दूधदुभते, शेती, छपाई असे उद्योग मुली शिकल्या आणि त्यांनी ते चालवले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंधांसाठी वेगळे सदन झाले, त्यांना रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा जो मराठी अनुवाद केला, त्याचे खिळे जुळवणे, छापणे, बांधणे हे सारे मुक्तीतल्या बायकांनीच केले. खेड्यातल्या साध्या बाईला वाचता यावे, अशी त्या भाषेमागची इच्छा होती. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी मनोरमाबाई गेल्या होत्या. संपूर्ण अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता अवघड भाग. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे त्यांनी सांगितले होते. पण सदनातल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या गेल्या आणि १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वसंत व्याख्यानमालेची प्रथा १८७५ मध्ये पुण्यात ज्यांनी सुरू केली, तेच हे रानडे. म्हणून हा प्रश्न या व्यासपीठावरून टाळणे योग्य नाही. उपाशी मुलाच्या हातात भाकर देणारा त्याला आपला देवही देतो, तेव्हा त्या मुलाची निवड कितपत मोकळी असते? आक्षेप घेणारे सगळेच दुष्ट नव्हते. त्यातल्या काहींनी स्वतः हातपाय हलवले. लाला लजपतराय यांनी १८९७ पासून आर्य समाजातर्फे दुष्काळी अनाथांना आणण्याची मोहीम काढली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. आक्षेपातून आश्रम निघाले, ही त्या वादाची सर्वात चांगली फलश्रुती म्हणावी लागेल. मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती, आणि रमाबाईंनी ते कधी झाकले नाही.

मुक्तीने मुले घरोघर वाटली नाहीत, त्यांच्यासाठी गाव वसवले. परके मूल घरात घेण्याची वाट म्हणजे दत्तक, पण आपल्याकडे त्याची जुनी चाल घराण्यासाठी होती. वंश चालावा, श्राद्ध व्हावे, वतन राहावे म्हणून मुलगा घ्यायचा. झाशी आणि सातारा ही संस्थाने इंग्रजांनी दत्तक नामंजूर करूनच खालसा केली. त्या व्यवहारात मुलीला जागा नव्हती. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेण्याची आणि स्त्रीने स्वतःच्या हक्काने दत्तक घेण्याची वाट कायद्यात आणली.

तो कायदा ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी कुटुंबांना लागू नव्हता. ज्या ख्रिस्ती समाजाने दुष्काळात हजारो पोरकी मुले सांभाळली, त्याच समाजातल्या नवराबायकोला एखादे मूल कायद्याने आपले करता येत नव्हते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली ते फक्त पालक होत. मूल सज्ञान झाले की ते नाते कायद्याच्या दृष्टीने संपायचे आणि वारसाहक्क मिळायचा नाही. सर्व धर्मांना लागू होईल असे दत्तक विधेयक १९७२ मध्ये संसदेत आले, पण ते मंजूर झाले नाही. विसावे शतक संपता संपता मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांनी ख्रिस्ती दाम्पत्याचा दत्तकाचा हक्क मान्य केला. कुटुंब मिळणे हा त्या मुलाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांनी धरले. मग बाल न्याय कायदा २००० आणि त्यातली २००६ ची दुरुस्ती आली. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. हे इतक्या उशिरा, रमाबाईंच्या मुलींच्या पणतवंडांच्या काळात घडले, याचे वाईट वाटते.

आफ्रिकेने श्रद्धेपोटी होणाऱ्या दत्तकाची दुसरी बाजू दाखवली. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट चर्चसंघाने २००९ मध्ये दत्तक आणि अनाथसेवेला पाठिंबा देणारा ठराव केला. श्रद्धेपोटी हजारो कुटुंबे पुढे आली आणि इथिओपियातून मोठ्या संख्येने मुले परदेशी गेली. पुढे कळले की 'अनाथ' म्हणून नोंदलेल्या कित्येकांची आई किंवा वडील हयात होते. युनिसेफच्या व्याख्येतच एक पालक गमावलेले मूलही अनाथात मोजले जाते. गरिबीने मूल सोडायला लागलेल्या आईकडून सही घेतली जाई, आणि मूल शिकून परत येईल असे काहींना वाटत असे. युगांडाने २०१६ मध्ये परदेशी पालकांसाठीचे नियम कडक केले. इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंदच केले. प्रेम खरे होते, पण आईच्या हातात चार पैसे दिले असते तर मूल घरीच राहिले असते, एवढा साधा विचार मागे पडला.

हा विचार चाकण-महाळुंग्याच्या पट्ट्यात फार जवळचा आहे. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून कंपन्यांत कामाला आलेली जोडपी दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. आजी नाही, मावशी नाही. नवरा अपघातात गेला, किंवा लग्न न झालेली मुलगी गरोदर राहिली, तर धीर द्यायला भाऊबंद शेकडो मैल दूर. अशा वेळी एखादी 'चांगल्या घरात देऊ' म्हणणारी बाई दारात येते. बाल न्याय कायदा २०१५ नुसार असे परस्पर मूल देणे-घेणे गुन्हा आहे, हे चाळीतल्या प्रत्येक खोलीत माहीत असायला हवे. मूल खरोखर सांभाळता येत नसेल, तर आईने बालकल्याण समितीपुढे जायचे. समितीपुढे मूल सोपवल्यावर विचार बदलायला ६० दिवस मिळतात. मूल त्यानंतरच दत्तकासाठी मोकळे होते. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्यामुळे न्यायालयात वर्षानुवर्षे अडकण्याची भीती घालून कोणी आडवाट दाखवली तर तिला भुलू नये.

आणि मूल आपल्याजवळच ठेवायचे असेल, तर महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील नसलेल्या, किंवा घर अडचणीत असलेल्या मुलाच्या पालकाला तिच्यातून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात घेतात. तातडीचे असेल तर १०९८ हा क्रमांक फुकट लागतो. विधवा झालेल्या शेजारणीसोबत त्या कार्यालयापर्यंत जाणारे, तिची कागदपत्रे लावून देणारे कोणी तरी प्रत्येक चाळीत हवे. मंदिराच्या मंडळातले असोत, मशिदीतले असोत, चर्चमधले असोत, ते काम आजच्या सभेतल्या कोणालाही उद्या सकाळी सुरू करता येईल.